सिंकखालचा कप

मित्रांनो, कल्पना करा, तुम्ही सहा भावंडं आहात. पाच जण काचेच्या कपाटात ऐटीत बसले आहेत आणि तुम्ही एकटेच सिंकखाली, साबणाशेजारी. मी तसा एक जुना कप आहे.

पद्माताईंच्या लग्नात आमचा सोनेरी काठांचा संच आहेर म्हणून आला. पुण्याहून सिडनीला येताना त्यांनी मला स्वतःच्या स्वेटरमध्ये गुंडाळलं होतं. तिथल्या वेंटवर्थव्हिल उपनगरातल्या घरातला पहिला चहा त्या माझ्यातूनच प्यायल्या. पुढे एकदा नळावर आपटून माझ्या काठाचा टवका उडाला. “राहू दे, कामाच्या माणसांना होईल,” त्या म्हणाल्या. माहेरीही मोलकरणीचा कप वेगळाच असे. मग प्लंबर आला की मला बाहेर काढत.

१९९६ साली पद्माताईंना डार्विनच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली. घर विकायचं होतं. एजंटच्या ऑफिसातून निरोप आला, की बॉस स्वतः येऊन घर बघतील.

दोघे आले. एक सुटातला गोरा तरुण आणि दुसरे काळे, पिकल्या केसांचे गृहस्थ. ते गृहस्थ टेप धरून खोल्या मोजू लागले. पद्माताईंनी तरुणाला सोनेरी काठाचा कप दिला. त्या गृहस्थांच्या हातात मी आलो.

तरुण कानापर्यंत लाल झाला. “मिस्टर फिरी माझे बॉस आहेत,” तो म्हणाला. “आमची पाचही ऑफिसं तेच चालवतात.”

फिरीसाहेब हसून आपली गोष्ट सांगू लागले. झांबियाहून आल्यावर डार्विनमध्ये ते रिकाम्या घरांसमोरचं गवत कापत. मग त्याच घरांच्या किल्ल्या सांभाळू लागले, परीक्षा दिली, घरं विकू लागले. मोजमाप मात्र अजून स्वतःच घ्यायचे. डार्विनला वारा येणारं घर कसं ओळखायचं, हेही त्यांनी पद्माताईंना आपुलकीनं सांगितलं. ते जितकं प्रेमानं बोलत, तितका मी शरमेनं मरत होतो.

“कप बदलून देते,” पद्माताई पुटपुटल्या.

“नो वरीज, चहा छान आहे.” मग ते पद्माताईंच्या आठ वर्षांच्या लेकीकडे, ऋताकडे वळले. “हा एकच कप वेगळा आहे. तुझा आवडता का?”

ऋताचे बाबा श्रीनिवासराव कार्पेटकडे बघू लागले.

“ऋता, हो म्हण,” पद्माताई मराठीत हळूच म्हणाल्या.

मित्रांनो, टवका उडालेला कप खुशाल फेकून द्या. पण बॉस असो की प्लंबर, आपण ज्यातून पिणार नाही तो कप कोणाच्याच हातात देऊ नका. हे सांगणारं त्या खोलीत तेव्हा कोणी नव्हतं.

ऋतानं बाबांचा भरलेला कप उचलून फिरीसाहेबांपुढे ठेवला. त्यांच्या हातून मला अलगद काढून घेतलं आणि माझ्यातला त्यांचा उष्टा चहा, सगळ्यांच्या देखत, शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला.