धोंडीचा बेडूक आणि आमचा कलेक्टर

आमच्या कुत्र्याचं नाव कलेक्टर. यात माझा काही दोष नाही. लातूरचा जिल्हा झाला त्या दिवशी आमचे मालक सोहळा बघायला गेले आणि येताना पिशवीत हे पिल्लू घेऊन आले. "नवा जिल्हा, नवा कलेक्टर," म्हणाले, आमच्या घरच्या दुकानात एक पोतं अंथरून दिलं आणि मोकळे झाले. पुढे भाकरी चारायची मी, अंगावरच्या गोचिड्या काढायच्या मी, आणि कौतुक मात्र मालकांचं. औशाहून साहेब लोक टंचाई बघायला आले की त्याला परसात बांधावं लागे. भर मिटिंगमध्ये कुणी "ए कलेक्टर, हाड!" म्हणालं तर पंचाईत.

जिल्ह्याचं चौथं वर्ष आणि दुष्काळाचं दुसरं. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. आमच्या घरात मालक, मी आणि सासूबाई, तिघांत मिळून चार घागरी. सासूबाईंचं नाव गौरम्मा. त्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढली होती आणि त्या अकरा वर्षांत त्यांनी माझ्या एका भाकरीला बरं म्हटलं नव्हतं. कुत्र्याला तर त्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत.

आषाढ लागला तरी आभाळ कोरडंच. मग गल्लीतल्या बायकांनी धोंडी काढायचं ठरवलं. एक बेडूक धरायचा, लिंबाच्या डहाळ्यांत गुंडाळून मुसळाला बांधायचा, त्याच्यावर पाणी ओतायचं आणि देवाकडे पाऊस मागायचा. घरात प्यायला नसलं तरी धोंडीचा तांब्या कुणी चुकवत नाही. यंदा बेडूक धरायची पाळी आमची होती.

आता दुष्काळात बेडूक आणायचा कुठून? विहिरीच्या तळाला भेगा, ओढ्यात धूळ. दोन दिवस मी पदर खोचून हिंडले. शेवटी आमच्याच परसात सापडला. रांजणाखालच्या ओल्या वाळूत एक थोराड, खरबरीत पाठीचा, फुगलेला बेडूक बसला होता. दरवर्षीचा बेडूक हिरवट, गुळगुळीत असतो, हे मला दिसत होतं. पण बेडूक तो बेडूक, देव काय त्याची पाठ चाचपून बघणार आहे, असं म्हणून मी फडक्यात धरून आणला, अंगणात बुट्टीखाली झाकला आणि वर वरवंटा ठेवला. आपल्या हुशारीवर खूशही झाले.

चार वाजता बायका जमल्या. प्रत्येकीच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या. मी मुसळ आणायला आत गेले, तेवढ्यात बाहेर वरवंटा गडगडल्याचा आवाज आला.

येऊन बघते तर बुट्टी उलथी पडलेली आणि कलेक्टर मधोमध उभा. तो मान झटकत होता, पंजानं तोंड ओरबाडत होता आणि तोंडातून पांढऱ्या फेसाच्या तारा लोंबत होत्या. चार पावलं गेला नि मागचे पाय फाकले.

"पिसाळलं गं बाई!" पंचफुलाबाई ओरडली. ती गल्लीतली सगळ्यांत थोरली. तिच्या ओरडण्यासरशी बायका कट्ट्यावर चढल्या. उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीत एक पिसाळलेलं कुत्रं चौघांना चावलं होतं, त्यामुळे भिण्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. कुणीतरी "काठी आणा" म्हणालं आणि काठी आलीसुद्धा.

मी मध्ये जाऊन उभी राहिले. माझं मलाच नवल वाटलं. "आधी मला हाणा," म्हणाले. शूरपणा कसला. मालक मालासाठी लातूरला गेलेले. ते संध्याकाळच्या बसनं येणार आणि अंगणात हे असं पडलेलं बघणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

ओरडा ऐकून समोरच्या घरातून नरसिंग आला. औशाच्या ढोरांच्या दवाखान्यात तो ड्रेसर होता. त्यानं आधी कुत्र्याकडे बघितलंच नाही, अंगण बघितलं. भिंतीच्या कडेनं तो बेडूक लंगडत चालला होता आणि त्याच्या डोळ्यांमागच्या गाठींवर दुधासारखं काहीतरी आलं होतं.

"वैनी, सकाळी भाकर खाल्ली व्हती का यानं?"

"खाल्ली की. दीड."

"पाणी प्यालं?"

"प्यालं."

"मग पिसाळलेलं न्हाई हे. पिसाळलेलं असं एका घटकेत व्हत न्हाई. ह्या बेडकाच्या गाठीत इख असतंय, ते तोंडाला लागलंय. काठी ठिवा ती खाली."

एवढ्यात सासूबाई वाटीत मिठाचं पाणी कालवून घेऊन आल्या. विष म्हटलं की ओकारी काढायची, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. नरसिंगनं वाटी धरली.

"काकू, काईच पाजू नका. मीठ न्हाई, ताक न्हाई, तूप न्हाई. ते छातीत उतरलं तर इखाच्या आधी तेच मारंल. धुवायचं फकस्त. पाणी आणा."

त्यानं हाताला टॉवेल गुंडाळला, कलेक्टरला कुशीवर घेतलं आणि तोंड जमिनीकडे झुकवलं. मी ओठाच्या मागच्या कोपऱ्यातून बारीक धार सोडायची, म्हणजे पाणी पुढून गळून जातं, घशात उतरत नाही. मध्ये मध्ये ओल्या फडक्यानं हिरड्या, जीभ, टाळू पुसायची. फडकं दरवेळी नवं. "धा मिनिटं तरी," तो म्हणाला. "जास्ती झालं तर बरंच."

घरात अर्धी घागर होती. टँकर उद्या सकाळी. अर्धी घागर अशी संपली की मला तळ वाजल्यावरच कळलं, आणि फेस अजून येतच होता. मी वर बघितलं. तांबे घेतलेल्या अकरा बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे. मागायला तोंड उघडेना. बेडूक मीच आणला होता.

सासूबाई आत गेल्या. आल्या त्या कळशी घेऊन. ती त्यांच्या लिंगपूजेची कळशी. सोवळ्यानं भरलेली, तिला मी अकरा वर्षांत हात लावला नव्हता. त्यांनी ती माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "धर की. बघून काय राहिलीस?"

कळशीही संपली. तेव्हा पंचफुलाबाई कट्ट्यावरून उतरली.

"अगं, देवाचं पाणी हाय ते," मागून एकजण म्हणाली.

"बेडकापायीच वतायचं व्हतं न्हवं? मग हे बी बेडकाचंच हाय," पंचफुलाबाई म्हणाली आणि तांब्या माझ्या हातात दिला. तिच्यामागे दुसरी आली, मग तिसरी. फडकी संपली तशी एकीनं आपल्या पदराचा तुकडा फाडून दिला.

अकराव्या तांब्याला फेस पातळ झाला. नरसिंग छातीवर हात ठेवून बसला होता. "ठोका अजून नीट न्हाई. टेंपोवाल्याला सांगून ठिवा. अर्ध्या तासात उठलं न्हाई तर औशाला न्यायचं, डॉक्टर सुई देतील." तो अर्धा तास मी त्या ओल्या मुंडक्यावर हात ठेवून बसले आणि त्याला शिव्या दिल्या. बेशरमा, खादाडा, म्हटलं, तुझ्यासारखं शहाणं जनावर उभ्या जिल्ह्यात नाही, उठ. रडू येत होतं आणि ते लपवायची गरजही वाटली नाही.

टेंपो आला तेव्हा कलेक्टर उठून बसला. शिंकला. त्याच्या नाकातलं पाणी पंचफुलाबाईच्या लुगड्यावर उडालं आणि ती म्हणाली, "घ्या, झाली धोंडी." सगळ्या हसल्या. तरी नरसिंगनं त्याला टेंपोत घालून डॉक्टरला दाखवून आणलंच. मी बेडूक चिमट्यानं उचलून गावालगत गावंधरीच्या रानात सोडून आले. त्याचा तरी काय गुन्हा होता?

मालक आल्यावर मी सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. ते कुत्र्याजवळ जाऊन बसले.

मी ताटं वाढली. सासूबाई म्हणाल्या, "मला भूक न्हाई." आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. भाकरी टोपल्यात झाकताना मला लख्ख कळलं. आमच्यात जुनी माणसं सांज-सकाळ दोन्ही वेळची लिंगपूजा झाल्याशिवाय अन्नाला शिवत नाहीत. पूजेचं पाणी तर अंगणात मुरलं होतं, आणि मागायला जावं तर गल्लीत एका घरी थेंब उरला नव्हता. कळशी उचलतानाच त्यांना हे ठाऊक असणार. मी माझं ताट गपचूप उचलून ठेवलं. या बाईला मी अकरा वर्षं भीत आले होते, आणि त्या दिवशी प्रथमच तिच्यावर माया आली.

सकाळी टँकरचा हॉर्न वाजला. पहिली घागर मी त्यांच्या कळशीत ओतली. पूजा झाली. त्या चुलीपाशी आल्या, रात्रीची भाकरी घेतली, मोडली आणि अर्धी माझ्यापुढे धरली.

"खा," म्हणाल्या. "काल तू बी उपाशीच निजलीस. मला काय दिसत न्हाई व्हय?"