चौथ्या मजल्याचं दार

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मंडळींत त्याला सगळे बुवा म्हणत. कामाला हात घालण्याआधी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचं आणि कोणी रडगाणं लावलं की "वरचा बघून घेईल" म्हणून मोकळं व्हायचं, ही त्याची जुनी खोड. मुकादम विचारायचा, "वरचा म्हणजे कितवा मजला, बुवा?" बुवा हसण्यावारी न्यायचा, पण आपल्या श्रद्धेचा त्याला आतून थोडा तोराच होता.

त्या दुपारी एका इमारतीतलं काम आटोपून तो घरी जेवायला आला. जेवणाआधी पिशवीतल्या लाल वायरी मोजायचा त्याचा नियम होता. लिफ्ट तपासताना दाराच्या कुलपाला अशी वीतभर वायर जोडली की दार उघडं असलं तरी लिफ्ट चालते. काम झालं की ती आठवणीने काढायची, म्हणून तर रंग लाल. वायरी तीन असायच्या. आज दोनच निघाल्या.

तिसरी कुठे राहिली ते त्याला तिथल्या तिथे आठवलं. चौथ्या मजल्यावर. आता तिथलं दार नीट लागलं नाही तरी लिफ्ट खुशाल निघून जाणार, आणि मागून कोणी दार ओढून पाऊल टाकलं की समोर नुसता खड्डा.

बसने अर्ध्या तासाचं अंतर. लिफ्ट बंद करायची तर मशीनच्या खोलीची किल्लीही त्याच्याच खिशात. पण गेल्याच महिन्यात एक चूक झाली तेव्हा मुकादमाने बजावलं होतं, "पुन्हा असं झालं तर घरीच जप करत बसा." आता धावत गेलं तर बोभाटा होणार. मग या शहाण्याने काय करावं? ताट बाजूला सारलं, देवाच्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि डोळे घट्ट मिटले.

"तूच आसरा," तो पुटपुटला. "कोणाला त्या दाराशी फिरकू देऊ नकोस. अंधार पडायच्या सुमारास मी गुपचूप काढून येतो."

मोबाईल वाजला. बायकोने उचलला. "कोण? तिथल्या सफाईवाल्या मावशी होय? अहो, ते प्रार्थनेला बसलेत. उठवू का?"

बुवाला सगळं ऐकू येत होतं. त्याने डोळे न उघडता हातानेच नको म्हणून खूण केली. थोड्या वेळाने मोबाईल पुन्हा वाजला, पुन्हा तीच खूण. तो देवाला शरण गेला नव्हता, देवाच्या पाठीमागे दडून बसला होता, आणि हे त्याला पुरतं कळत होतं. लाजेने कान तापले. तरी तो उठला नाही.

चार वाजता लेक शाळेतून आली. नेहमीसारखं दार धाडकन ढकलून, पुढे काय आहे ते न बघता थेट आत. बुवाने डोळे उघडले. सगळीच पोरं दारं अशी उघडतात. तो ताडकन उठला आणि चपला हातात घेऊनच धावत सुटला.

चौथ्या मजल्यावर सफाईवाल्या मावशी लिफ्टच्या दाराला पाठ लावून उभ्या होत्या. पुढ्यात बादली, हातात आडवा धरलेला पोछा. चेहरा पांढराफटक.

"आलात बाई एकदाचे!" त्या म्हणाल्या. "पुसायला आले, दार ओढलं, तर आत लिफ्टच नाही! एक पाय उचललाच होता मी. रखवालदार रजेवर, वरच्या मशीनच्या खोलीला कुलूप, आणि नंबर काय तो तुमचाच. त्यात पोरांची शाळेतून यायची वेळ. म्हटलं, आता इथून हलायचं नाही."

"केव्हापासून उभ्या आहात?"

"झाले की अडीच तास. तुम्ही प्रार्थनेत होतात म्हणे. म्हटलं, बुवा तिकडे बसलेत, आपण इकडे उभं राहू. मीही त्यालाच विनवत होते, एवढे गुडघे टिकव रे बाबा."

बुवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने वायर काढली, दार चारदा उघडून लावून पाहिलं.

"नेमके आलात हो," मावशी म्हणाल्या. "देवानेच सुचवलं असणार."

हो म्हणणं किती सोपं होतं! मान डोलावली असती तरी भागलं असतं.

"नाही, मावशी. मला दुपारीच कळलं होतं. फोन तुमचा आहे हेही माहीत होतं. मीच नको म्हणून सांगितलं."

मावशी जिन्याच्या पायरीवर हळूहळू टेकल्या आणि गुडघे चोळत राहिल्या. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. मग त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? तुमच्या मुकादमांना सांगा."

बुवाने मोबाईल काढला आणि नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत होती तेवढ्यात त्याने देवाचं नाव घेतलं. या वेळी डोळे उघडे ठेवून.