पाठीवरच्या तीन गाठी

मित्रांनो, मी एक जुनं पितळी बटण आहे. नखाएवढाच जीव, पण लढाई पाहिलेला.

साच्यातून निघालो, अंगावर सोन्याचा मुलामा चढला आणि एका इंग्रजी शिपायाच्या लाल कोटावर छातीशी बसलो. १८१४च्या उन्हाळ्यात नायगरा धबधब्याजवळच्या शेतात तोफा धडधडल्या, त्या झटापटीत मी तुटून पडलो. शिपायाचं काय झालं, ठाऊक नाही. पुढं जवळजवळ दोनशे वर्षं वरून नांगर फिरला, मका डोलला, बर्फ साचलं. मला कुणी विचारलं नाही.

२००९ साली धातू शोधणारं यंत्र कुईंकुईं करत डोक्यावर थांबलं, आणि मी त्याच मुलखातल्या वॉन शहरात, एका प्रयोगशाळेत नीलिमाच्या टेबलावर आलो. नागपूरची ही बाई जुन्या धातूंची डॉक्टरच! मी कुणाचा, एवढं तिला शोधायचं होतं. नाहीतर 'किरकोळ' लिहिलेल्या खोक्यात माझी रवानगी ठरलेली.

तिच्या सासूबाई, शीलाताई, शनिवारी वस्तूंना लावायच्या चिठ्ठ्या लिहायला येत. गणपती तोंडावर आलेले. घरची समई घासून उरलेला चिंचेचा कोळ त्या बाटलीत घालून घेऊन आल्या. नीलिमा फोनवर गेली, तेवढ्यात त्यांनी मला चोळायला घेतलं.

"आई! अहो, काय करताय?"

"अगं, केवढं कळकलं होतं बिचारं! बघ, तोंड कसं उजळलं."

"मुलाम्याचे शेवटचे कण होते हो त्यावर!"

शीलाताईंचा चेहरा पडला. "नोंदवहीत लिही," त्या हळूच म्हणाल्या. "चिंच. शीलानं लावली."

नीलिमानं ते खरंच लिहिलं. मग मला उलटं करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि हाक मारली. "आई, या. बघा."

माझ्या पाठीवरच्या कडीभोवती हिरव्या गंजात दोऱ्याचे वेढे होते. त्या गंजानंच दोरा कुजू दिला नव्हता.

शीलाताई बराच वेळ पाहत राहिल्या. "हा शिंप्याचा दोरा नव्हे गं, पोतं शिवायचा वाटतो. आणि एकावर एक तीन गाठी! शिवता न येणारा माणूस अशाच मारतो. त्या शिपायानं स्वतःच लावलं असणार."

मला माझा शिपाई पुन्हा आठवला: मांडीवर कोट, तोंडात सुई, पुटपुटणारा. नाव नाही कळलं त्याचं, पण त्या गाठींमुळं खोक्यात मी गेलो नाही. आज संग्रहालयात काचेआड, पाठ पुढं करून असतो.

मित्रांनो, जुनी वस्तू लखलखीत करण्याआधी जरा उलटून पाहा. कुणाचे तरी हात अजून तिथं असतील.