काठीची मूठ

तिने दोन पोलादी पट्ट्या एकावर एक आवळल्या आणि दोन्हींतून एकदमच भोक पाडलं. बाबांनीच शिकवलं होतं, जोडीने काम करणाऱ्यांना भोकंही जोडीनेच पाडायची. पट्ट्यांच्या टोकांना तिने एकेक नवंकोरं दातेरी चाक बसवलं. एकाचे दात डावीकडे झुकलेले, दुसऱ्याचे उजवीकडे. मधून लांब बोल्ट, त्यावर नट. चिमटा तयार झाला.

बाबांचा म्हातारा लेथ आता एका बाजूचा दाब सोसत नव्हता. चिमटा लेथवर फिरणाऱ्या मुठीच्या सळईला वरून आणि खालून सारखाच दाबणार होता.

"झालं का गं?" आईने दारातून विचारलं. "लेथ न्यायला टेम्पोवाला चारला येतोय."

"आपलं ठरलंय ना?"

"ठरलंय. मूठ हातातून निसटली नाही, तर लेथ राहील. आणि बघ, माझ्या डोळ्यांत धूळ फेकून उपयोग नाही. ते केव्हाच गेलेत."

दोघी हसल्या.

बाबांनी केलेली आईची काठी इस्पितळात हरवली होती. मुठीवर जाळी उमटवायचं त्यांचं जुनं हत्यार, बाबा गेल्यावर, तिच्या भावाने भंगारात घातलं. त्याच्या चाकाचा एक दात तुटका होता. त्यामुळे बाबांच्या प्रत्येक मुठीवर खरखरीत जाळीतून एक गुळगुळीत रेघ तिरकी जायची. "माझी सही," ते म्हणायचे.

तिने नटावर खडूची खूण केली, तेल सोडलं, लेथ चालू केला. जाळी उमटली, पण पुसट. लेथ थांबवून तिने पान्याने नट पाव फेरा आवळला. तरी पुसटच. आणखी आवळायचा धीर होईना. सळई एकच होती.

लहानपणी ती इथेच खोक्यावर उभी राहायची. बाबा न रागावता म्हणायचे, "सरक जरा, उजेड अडतोय माझा."

हात पुसायला ती वळली. परत पाहिलं तर पाना नटावर होता. तिने तो बाकावर ठेवला होता. खडूची खूण आणखी पाव फेरा पुढे गेलेली.

तिने पाना काढला आणि लेथ चालू केला. या वेळी जाळी खोल, नेटकी उमटली.

काठीवर बसवलेली मूठ आईने दोन्ही हातांत घट्ट धरून पाहिली. मग तिचा अंगठा तिरका सरकत गेला आणि थांबला.

"जुनंच चाक लावलंस होय? रेघ आहे की इथे."

मुलगी आत गेली. चाकं खिडकीपाशी नेऊन एकेक दात नखाने चाचपला. सगळे शाबूत होते.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

"त्याला परत पाठवते गं मी," आई म्हणाली. नव्या मुठीची काठी टेकत ती फाटकाकडे निघाली.

मुलगी लेथसमोर उभी राहिली. तिची सावली लेथवर पडली होती. थोडा वेळ तिने वाट पाहिली. मग हळूच एक पाऊल बाजूला सरकली.