बेंबी घासलेली गोटी

मी एक जुनी काचेची गोटी आहे आणि मित्रांनो, हल्ली माझं डोकं फिरलेलं असतं. गोटीला डोकं कुठे आणि पाय कुठे, हे विचारू नका. मला राग येतो तो अंगभर येतो, एवढं समजून घ्या. तो का येतो, ते सांगायला आज मी तोंड उघडलं आहे. तोंडही नाही, ठाऊक आहे मला.

माझा जन्म दूरच्या एका थंड मुलखात झाला. आताच्या गोट्या यंत्रातून भराभर पडतात आणि सगळ्या सारख्या दिसतात. आमचं तसं नव्हतं. एक कारागीर तापलेल्या काचेच्या कांडीत लाल, पिवळे, पांढरे पट्टे घालून तिला पीळ द्यायचा आणि काच मऊ असतानाच कात्रीसारख्या हत्याराने एकेक गोटी कापून काढायचा. जिथे कापलं तिथे खडबडीत खूण राहायची, बाळाची नाळ कापल्यावर राहते तशी. ती माझी बेंबी. पुढचा सगळा घोळ तिच्यावरूनच झाला, म्हणून ती लक्षात ठेवा.

जहाजाने मी मुंबईच्या गोदीत आले. तिथे एक खोका फुटला, गोट्या सांडल्या, आणि हमालीला आलेल्या, ठाण्याजवळच्या बाळकुमच्या एका कोळ्याला साहेबाने बक्षीस म्हणून मला देऊन टाकलं. त्याच्यानंतर मी त्याचा मुलगा गुणाजी याच्याकडे आले. गुणाजी खाडीत होडी घालायचा. त्याने कितीतरी वर्षं मला कोनाड्यात ठेवलं आणि ऐंशी सालाच्या आसपास आपल्या मुलीच्या हातात दिलं.

"घे पोरी, मना काय करायची हाय? तू खेल."

त्या मुलीचं नाव कलावती. मित्रांनो, माझं खरं आयुष्य तिथे सुरू झालं.

बाळकुमला तेव्हा मोकळी जागा भरपूर होती. पोरं टाचेने जमिनीत छोटा खड्डा करायची, त्याला गल म्हणायचं, आणि त्याच्याभोवती दुपारभर गोट्यांचा डाव चालायचा. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा पोरांनी मला पाहून दात काढले. "ए बेंबीवाली! अरे, ही तर वाकडी जाते!" आता खडबडीत बेंबीवर गडगडायचं म्हणजे थोडं डावीकडे वळणारच. त्यात माझा काय दोष?

कलावती म्हणाली, "वाकडी जाते, पण कुठे जाते ते मना ठाऊक हाय."

आणि खरंच तिला ठाऊक होतं. ती अंगठा जमिनीला टेकवायची, मधलं बोट मागे ताणायची आणि समोरच्या गोटीच्या जरासा उजवीकडे नेम धरायची. मी सुटायचे, वळायचे आणि टक्कन जाऊन बसायचे. तिचा नेम चुकलेला मी कधी पाहिला नाही. पोरींनी गोट्या खेळू नयेत असं सगळे म्हणायचे, पण तिच्याकडून हरायला सगळेच यायचे. एकदा हरलेल्या एका पोराने रागाने गोटी भिरकावली, ती तिच्या भुवईवर लागली. व्रण कायमचा राहिला. माझ्याही अंगावर टवके उडत होते. आम्ही दोघी अगदी मजेत होतो.

मग कलावतीचं लग्न झालं आणि ती डोंबिवलीला, कोपरच्या बाजूला राहायला आली. माझी रवानगी शिलाई मशीनच्या खणात, बटणं आणि हुकांच्या संगतीत झाली. बटणांशी काय बोलायचं? त्यांना चार भोकं आणि विषय एकच, की कुणाचा दोरा सैल झाला. कलावती ब्लाऊज शिवायची. कागदाची मापं वाऱ्याने उडू नयेत म्हणून ती मला त्यांच्यावर ठेवायची. बेंबीवर बसवलं की मी हलत नसे. तेवढंच काम. नेम धरणारं ते बोट रोज माझ्याजवळून जायचं आणि सुई उचलायचं. मी किती वेळा मनात ओरडले असेन, अगं, एकदा तरी उडव मला!

नव्व्याण्णव साली कलावतीचा चुलतभाऊ दामाजी याने ठाण्याच्या नौपाड्यात इंटरनेटचं दुकान टाकलं. एक दिवस तो कागदावर छापलेलं चित्र घेऊन धावतच घरी आला.

"कलू, ही बघ तुझ्या गोटीची बहीण! परदेशात जुन्या गोट्यांचा लिलाव करतात. कॉम्प्युटरवर! घरात बसून बोली लावायची."

मीही चित्र पाहिलं. खरंच माझी बहीण. तोच पीळ, तेच पट्टे. तिला मिळालेला भाव ऐकून कलावतीचा नवरा विठ्ठल खुर्चीतून उठला. आणि मित्रांनो, तो भाव कशासाठी होता माहीत आहे? ती बाई जन्मात एकदाही खेळली नव्हती म्हणून! मखमलीच्या डबीत लोळत पडली होती, अंगावर ओरखडा नाही, म्हणून ती महाग. दामाजीने सगळं वाचून दाखवलं. एक टवका असला की भाव उतरतो, चार असले की आणखी उतरतो. म्हणजे जी गोटी गोटीसारखी जगली ती स्वस्त, आणि जी अंड्यासारखी जपली गेली ती मौल्यवान. हा कुठला न्याय? मी एवढी चिडले, पण चिडून करणार काय? बटणं मात्र हसली.

तरीही माझ्यासारखीला भाव होता. कलावतीला पिको-फॉलचं मशीन हवं होतं. साडीला पिको करून द्यायला बायका स्टेशनजवळच्या दुकानात जात, आणि तिथे गेल्या की ब्लाऊजही तिथेच टाकून येत. मशीन आलं तर तिचं काम उभं राहणार होतं. शेवटी तिने मला मुठीत धरलं आणि म्हणाली, "विका."

मला वाईट वाटलं, पण रागावले नाही. तिचं मशीन माझ्यामुळे येणार असेल, तर तेही एक काम झालं.

नौपाड्यात दामाजीने मला स्कॅनरच्या काचेवर ठेवलं. मी गडगडू नये म्हणून कलावतीने हातातली बांगडी काढून माझ्याभोवती ठेवली. फोटोत पट्टे छान दिसले, बेंबी बाजूला राहिली. लिलाव सुरू झाला. बाळकुमच्या बंदरावर मासळीचा लिलाव होतो तिथे निदान बोली लावणारा समोर ओरडतो. इथे सगळं गुपचूप. दामाजी रोज शेजाऱ्यांकडे फोन करून भाव कळवायचा, आणि तो चढतच होता. नऊ हजार झाले. मशीन येऊन वर चार पैसे उरणार होते.

आणि मग एका बोलीवाल्याने निरोप धाडला. दामाजीने फोनवर सांगितलं, "तो म्हणतो, खालची खूण नीट दाखवा."

कलावती म्हणाली, "मासळी घेताना गिऱ्हाईक कल्ले उघडून बघतं ना, तसं बघायचं असेल त्याला. दाखवू या."

पण तिची सासू सखुबाई पुढे सरसावली. "मासळीचं वेगळं. ही दाखवायची वस्तू. पोरगी दाखवताना डाग कुणी पुढे करतं का? तुझ्या भुवईवरचा व्रण तुझ्या आईने पावडरीखाली झाकला होताच की. मी तेव्हाच पाहिला होता, बोलले नाही."

कलावतीचा हात भुवईकडे गेला. विठ्ठल म्हणाला, "आई बरोबर बोलते. तो खोट काढतोय, भाव पाडायला. आपण खोटच काढून टाकू."

"डाग नाही तो. बेंबी आहे तिची," कलावती म्हणाली. पण एकदाच म्हणाली. मशीन डोळ्यांसमोर होतं ना! मित्रांनो, त्या वेळी ती आणखी एकदा बोलली असती तर? तिच्यावरचा माझा तेवढा राग अजून गेलेला नाही.

विठ्ठल मला नौपाड्यातल्या एका चष्म्याच्या दुकानामागे घेऊन गेला. तिथे काळुराम नावाचा माणूस भिंगं घासायचा. "काका, एवढं गुळगुळीत करून द्या," विठ्ठल म्हणाला. काळुरामने विचारलं, "नक्की ना? घासलेलं परत येत नाही हो." विठ्ठलने मान हलवली. चाक फिरू लागलं. जे त्या कारागिराने केलं होतं, जे गोदीतल्या खोक्यात आणि बाळकुमच्या धुळीत टिकलं होतं, ते पाण्याच्या धारेखाली पांढरं पीठ होऊन वाहून गेलं.

मी अशी चमकत होते की सखुबाईने माझी दृष्ट काढली.

नवा फोटो गेला. दामाजीने प्रामाणिकपणे लिहिलं, खूण काढून गोटी स्वच्छ केली आहे. बस्स. एकामागून एक जवळजवळ सगळ्यांनी बोली मागे घेतली. ज्याने खूण दाखवा म्हटलं होतं, त्याने उत्तर पाठवलं, की त्या खुणेसाठीच तो थांबला होता. हाताने घडल्याचा पुरावा तोच, आणि घासलेली गोटी त्याला नको. शेवटी उरली ती बोली एवढी होती की तेवढ्यात दोऱ्याची चार रिळंही आली नसती. दामाजीने लिलाव बंद केला.

घरात कुणी कुणाला दोष दिला नाही. विठ्ठल दोन दिवस जेवताना ताटाकडेच पाहत होता. सखुबाई एकदा हळूच म्हणाली, "मना वाटलं, चांगलं करतो." मलाही हेच म्हणायचं आहे, मित्रांनो. वाईट करणाऱ्यावर चिडता येतं. ही सगळी माझं चांगलं करायला निघाली होती, आता मी चिडू कुणावर? जुनी वस्तू जपा, तिची धूळ पुसा, पण तिच्या अंगावरची खूण काढण्याआधी ती कशाची आहे ते विचारा. घासायला काय, कधीही घासता येतं.

आता मी कागदांवरही बसत नाही. टेबलावर ठेवलं की गडगडत खाली जाते.

परवा अशीच पडले, तेव्हा कलावतीने मला उचललं, इमारतीच्या मागे मातीत नेलं आणि टाचेने गल केली. इतकी वर्षं मी ह्याच क्षणाची वाट पाहत होते. तिने वाण्याकडून आणलेली एक साधी गोटी समोर ठेवली, अंगठा टेकवला, बोट ताणलं आणि सवयीने जरासा उजवीकडे नेम धरला. मी सुटले. डावीकडे वळायचा मी जिवापाड प्रयत्न केला, पण वळायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. त्या गोटीच्या बाजूने मी सरळ निघून गेले.

कलावती उठून मला घेऊन आली आणि पुन्हा नेम धरला. पुन्हा उजवीकडेच. त्या बोटाला अजून माझी बेंबी आठवते.