एका वेळी एकच

बन्सी वायरमननं ओट्यावरच्या बोर्डाचं झाकण काढलं आणि आतली वायर ओढून दाखवली. वरचं प्लॅस्टिक वितळून काळं पडलं होतं.

“काकू, घर पेटलं नाय हे नशीब. घरघंटी, ओव्हन, मिक्सर, सगळं ह्या एका बारक्या वायरीवर?”

द्वारकाबाईंनी ओव्हनचा प्लग काढून ठेवला. दिवाळी तोंडावर आली होती. चिकलठाण्याच्या त्या कॉलनीतल्या निम्म्या घरांचे भाजणीचे डबे त्यांच्या ओट्याखाली दळणाची वाट बघत होते. रामकिसनरावांनी एकेक यंत्र बायकोचे कष्ट वाचावेत म्हणून हौसेनं आणलं, आणि प्रत्येक यंत्र येताना आपलं काम बरोबर घेऊन आलं. नवऱ्याच्या मायेला नावं तरी कशी ठेवायची! आताही ते बन्सीनं सांगितलेली जाड वायर आणायला भर उन्हात गुलमंडीच्या बाजारात गेले होते.

“तिन्हीला वेगवेगळ्या लाइनी टाकतो. अर्थिंग बी धड करतो. मग लावा सगळं एकदम. बटन पडणार नाय.”

“कधीच नाय पडणार?”

“गॅरंटी.”

द्वारकाबाईंनी एकदा भाजणीच्या डब्यांकडं पाहिलं. आजवर दोन यंत्रं एकदम लावली की बटन पडायचं आणि स्वयंपाकघर गप्प व्हायचं. रामकिसनराव चष्मा शोधून, स्टूल ओढत येईपर्यंत त्यांना भिंतीला पाठ टेकायला मिळायची. दिवसभरात तेवढाच काय तो विसावा. तोही जाणार म्हटल्यावर त्यांना रडू यायचंच बाकी राहिलं.

“भाऊ, धोका नको. वायर जाडच टाक,” त्या हळूच म्हणाल्या. “पण एक लावलं की दुसरं बंदच राहील, असं करता येतं का?”

“येतं की. चेंजओव्हरचा खटका टाकायचा. इकडं केला की घरघंटी, मधी मिक्सर, तिकडं ओव्हन. पण लोक सगळं एकदम चालावं म्हणून मागं लागतात, काकू.”

“लागू दे. मला एका वेळी एकच पुरं. लई झालं आता.”

बन्सीनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि पिशवीत हात घालून खटका शोधू लागला.

संध्याकाळी रामकिसनराव नव्या बोर्डासमोर उभे राहिले.

“आता सगळं एकदम चालतं ना?”

“नाय काका,” बन्सी पक्कड पुसत म्हणाला. “ह्या मीटरवर तेवढा लोड नाय. एका वेळी एकच.”

बन्सी गेला. रामकिसनरावांचा जन्म कारखान्यात मशिनी चालवण्यात गेला होता. असला खटका कुणी मागितल्याशिवाय बसत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी तो एकदा इकडं, एकदा तिकडं करून पाहिला. द्वारकाबाई ओव्हन पुसायला वाकल्या होत्या, कमरेवर हात ठेवून. रामकिसनरावांनी खटका घरघंटीच्या बाजूला टाकला आणि ती सुरू केली.

“अहो, तिच्यात दाणा नाय अजून. रिकामीच फिरतीय.”

“फिरू दे,” ते म्हणाले. “तू बस.”