सुलट बाजू कुणाची

मी अंतरपाट बोलतोय, आणि गोड बोलणार नाही हे आधीच सांगतो. लग्नात नवरा-नवरीच्या मधे धरतात, तो मी. म्हणजे धरणार होते.

पोलादपूरच्या दुकानात मी ताग्यात होतो तोवर सुखात होतो. मग शेवंताबाईंनी माझा तुकडा फाडून घेतला. त्यांच्या राजनंदिनीचं लग्न महाडच्या ऋत्विकशी ठरलं होतं. साखरपुड्यात ऋत्विकच्या आईच्या, प्रियदर्शिनीबाईंच्या, अंगात उत्साह संचारला. "बाजारचा अंतरपाट नको बाई! कुडपणला निवासी भरतकाम शिबिर आहे. आपण दोघी विहिणी मिळून भरू." शेवंताबाईंना शेतातली कामं टाकून जायचं नव्हतं, पण नाही म्हटलं तर पोरीला पुढे ऐकावं लागेल, म्हणून त्या गेल्या.

कुडपणच्या पठारावर वारा असा की अंगणात वाळत घातलेलं धड राहत नाही. तिथे एका घरात पंधरावीस बायका रिंगा घेऊन बसल्या. मला रिंगेत आवळलं आणि भोसकायला सुरुवात केली. सुईला दया नसते आणि बाईच्या हातात ती आली की बाईलाही उरत नाही. शिकवणाऱ्या रेश्माताई सारख्या म्हणायच्या, "मन शांत ठेवा, टाका आपोआप सरळ पडतो." इथे मन कुणाचं शांत होतं?

मधे कलश, एका अंगाला 'राजनंदिनी', दुसऱ्या अंगाला 'ऋत्विक'. साखळी टाक्यात नावं पुरी झाली तशी प्रियदर्शिनीबाईंनी मला दोन हातांनी उचलून धरलं.

"ही सुलट बाजू ऋत्विककडे."

"का वो?" शेवंताबाईंची सुई थांबली. "आन् माज्या पोरीनं काय गाठी बघायच्या? स्वतःचं नाव उलटं वाचायचं?"

"वरपक्षाचा मान असतो, विहीणबाई."

"मान तुमचा आन् कापड माजं!"

झालं. रेश्माताईंनी मागून अस्तर लावायचं सुचवलं, तर दोघी त्यांच्यावरच घसरल्या. म्हणे कोरं फडकं कुणाच्या तोंडासमोर धरायचं? तेव्हापासून एकीने भरावं आणि दुसरीने 'टाका वाकडा आलाय' म्हणून उसवावं. जेवायला बसल्या की कुळथाच्या पिठल्याबरोबर उखाळ्यापाखाळ्या. पुण्याच्या बायका गालातल्या गालात हसत माझे फोटो काढायच्या. मला त्या सगळ्यांची चीड आली होती. सगळ्यांत जास्त प्रियदर्शिनीबाईंची, कारण त्या नाकाने कांदे सोलत बोलायच्या आणि आवाज मात्र कधी चढवायच्या नाहीत.

शेवंताबाईंचा हट्ट मला कळत होता. पोर एकुलती एक. पहिल्याच दिवशी ती उलट्या बाजूला उभी राहिली, तर त्या घरात जन्मभर तिथेच राहील, अशी त्यांना धास्ती होती. त्यांचा टाका माझ्यात खोल जायचा तो त्या धास्तीनेच.

शेवटच्या दिवशी मांडलेलं काम बघायला आणि आयांना न्यायला राजनंदिनी आणि ऋत्विक गाडी घेऊन आले. दोघी विहिणींनी मला दोन टोकांना धरलं. कुणी काही बोलायच्या आत राजनंदिनी आपणहून उलट्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"नंदू, इकडं ये गो," शेवंताबाई म्हणाल्या. "ती उलटी बाजू हाय."

"म्हाईत हाय. मी इथंच उभी राहीन. बास करा आता."

"पयल्या दिसापासनं वाकतेस?"

"त्या घरात मला राहायचंय, आई. तुला नाय."

ऋत्विक म्हणाला, "दोन्ही बाजू छानच आहेत की." त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही.

प्रियदर्शिनीबाई हसल्या. "समजूतदार आहे हो पोरगी."

त्या हसण्याने घात केला. शेवंताबाईंनी कात्री उचलली आणि कलशातून मला उभं चिरलं. 'ऋत्विक' विहिणीच्या हातात राहिला, 'राजनंदिनी' त्यांच्या. बायका 'अपशकुन, अपशकुन' करत मागे सरल्या. राजनंदिनी आईला न घेताच गाडीत जाऊन बसली.

लग्न मोडलं नाही. पोरांनी मोडू दिलं नाही. महाडच्या हॉलमध्ये मंगलाष्टकं सुरू झाली, तेव्हा शेवंताबाई मागच्या दाराशी कुंडीतल्या तुळशीला पाणी घालत होत्या. आमच्याकडे मुलीची आई अक्षता पडताना तिथे थांबत नाही. म्हणजे ज्या बाजूसाठी त्या एवढ्या भांडल्या, ती त्यांना दिसणारच नव्हती! कुडपणच्या एवढ्या बायकांत हे एकीलाही सुचलं नाही.

एक बाई पाण्याला बाहेर आली. शेवंताबाईंनी तिला विचारलं, "पोरगी कुठल्या बाजूला उभी हाय गो?"

"साधा पांढरा पंचा धरलाय, मावशी. दोन्हीकडनं सारखंच."

शेवंताबाई खाली बसल्या. पिशवीतून मला काढलं आणि तोंडाशी धरलं. माझ्या गाठी त्यांच्या गालाला बोचल्या. बोचू देत, असंच मला वाटलं.

आता मी त्यांच्या ट्रंकेत आहे. दुसऱ्या अर्ध्याचं काय झालं ते मला विचारू नका. राजनंदिनी आईचा फोन उचलत नाही. शेवंताबाई मला रोज बाहेर काढतात, हात फिरवतात, परत ठेवतात. मला त्यांचा राग येतो आणि तो जातही नाही, पण हल्ली त्या मला मांडीवर घेऊनच तिला फोन लावतात. तेव्हा कुणी महाडला जात असाल, तर त्या पोरीला निरोप द्या. म्हणावं, एकदा घरी येऊन जा. आईने चूक केली असेल तर तोंडावर भांड तिच्याशी. माझं तोंड बघायचं नसेल, तर आल्या आल्या मला चुलीत घाल, मी हूं की चूं करणार नाही. पण ये.